यंत्राची परीक्षा मोरीत

वाळूजचं नाव काढलं की लोकांना दुचाकी आठवते. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये इथे उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांनी गंगापूर तालुक्यातलं हे माळरान भरून गेलं. त्यातल्या कित्येक शेडमधून स्वयंपाकघरात जाणाऱ्या वस्तूही निघतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनला आपण काय बनवतोय याचं सोयरसुतक नसतं. सकाळी त्यातून गाडीचं कव्हर निघतं, डाय म्हणजे साचा बदलला की दुपारी मिक्सरच्या भांड्याचं झाकण. प्लास्टिकचा दाणा मात्र बदलावा लागतो. खाण्याच्या वस्तूला रिसायकल माल चालत नाही, फूड ग्रेडच लागतो, आणि आधीच्या रंगाचा अंश निघून जाईपर्यंत बॅरल साफ करत बसावं लागतं.

अशाच एका शेडमध्ये मी नवीन वस्तूंच्या डेव्हलपमेंटचं काम बघते. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय डिझाइन शिकले. सुरुवातीची वर्षं गाड्यांच्या भागांत गेली. पुढे मालकांनी किचनवेअरची कामं घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या टेबलावर वेगळ्याच वस्तू येऊ लागल्या: दोरी ओढून भाजी चिरणारा चॉपर, लसूण सोलायची नळी, बटण दाबलं की वाटीभर डाळ खाली सोडणारा डबा, एका हाताने चालवायचा सोऱ्या, तेल मोजून फवारणारी बाटली.

पहिला फरक कागदावरच दिसला. गाडीच्या भागाचं ड्रॉइंग आलं की त्यावर सगळं लिहिलेलं असतं. मटेरियल कोणतं, मापात किती फरक चालेल, किती तापमान सोसलं पाहिजे, कुठे रेघ दिसली तरी हरकत नाही आणि कुठे दिसता कामा नये. किचनच्या वस्तूचं आधी चित्र येतं. कॉम्प्युटरवर काढलेलं, अगदी फोटोसारखं. पांढराशुभ्र ओटा, खिडकीतून येणारं ऊन, बाजूला हिरवीगार कोथिंबीर आणि मधोमध ती वस्तू. अशी पुष्कळ चित्रं मी पाहिली. त्यांत खरकट्या भांड्यांनी भरलेलं सिंक एकदाही दिसलं नाही.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्वयंपाकघरातल्या यंत्राचं कौतुक ओट्यावर होतं, पण निकाल मोरीत लागतो.

चॉपरचंच घ्या. बाहेरून साधा दिसतो, पण आत बरंच काही भरलेलं असतं. झाकणात एक पुली, तिच्यावर गुंडाळलेली दोरी आणि खाली पट्टीची गोल स्प्रिंग. छोटा जनरेटर सुरू करताना दोरी ओढतात, तीच करामत. दोरी ओढली की पुली फिरते आणि दांड्यावरची पाती फिरतात. दोरी सोडली की स्प्रिंग पुलीला जागेवर आणते. आमच्या डिझाइनमध्ये मध्ये एकेरी क्लच होता, त्यामुळे परत येताना पाती उलटी फिरत नव्हती. या वस्तूच्या चाचण्याही जोरदार. हवेच्या सिलिंडरवर एक फिक्स्चर बनवलं होतं. ते दिवसरात्र दोरी ओढत राही, हजारो वेळा. ओट्याच्या उंचीवरून वस्तू फरशीवर पाडायची. पात्याची धार तपासायची. झाकण भांड्यावर किती घट्ट बसतं ते मोजायचं. ग्राहक कंपनीने पाठवलेल्या चाचण्यांच्या यादीत हे सगळं होतं. धुण्याबद्दल एकच ओळ होती: पाण्याने धुता यावे.

नमुने तयार झाल्यावर ते लाइनवरच्या बायकांना घरी वापरायला द्यावेत, असं मी सुचवलं. मालकांना ते पटलं. आमच्याकडे पॅकिंगला आणि फ्लॅश, म्हणजे कडेला आलेलं जादा प्लास्टिक, कापायला ज्या बायका आहेत, त्यांतल्या बऱ्याच रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव या भागांत राहतात. कुणी जालन्याकडच्या, कुणी बीडच्या, कुणी थेट बिहारातून नवऱ्यामागे आलेल्या. घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात ओटा आणि ओट्याला लागून मोरी. पहिल्या शिफ्टला यायचं म्हणजे पहाटे उठून दोन डबे करायचे. वेळ वाचवणाऱ्या यंत्राची गरज यांच्याइतकी कुणाला असेल?

पंधरवड्याने त्यांना विचारलं. मी एक छापील फॉर्म केला होता, पाचपैकी किती गुण वगैरे. तो कुणी भरला नाही. बोलल्या मात्र भरपूर.

“मॅडम, कांदा भारी चिरतंय. पण झाकणात जो कांदा अडकून बसतो ना, तो काढायला काडी लागती.”

“चार भांडी घासायची होती, आता पाच झाली.”

“झाकण पाण्यात बुडवू नका म्हणून लिहिलंय. बुडवायचं नाही तर मग वास कसा जायचा?”

सगळ्यांत वयस्कर मावशींनी निकालच दिला. “ताई, विळी एका हाताने धुऊन होती. हे धुवायला दोन हात आन् अर्धी बादली.”

त्यांचं अर्ध्या बादलीचं म्हणणं मी कारखान्यात पडताळून पाहिलं. बादली वजनकाट्यावर ठेवायची, वस्तू धुवायची, उरलेलं पाणी तोलायचं. विळीला तांब्याभर पाणी पुरलं. चॉपरचे सगळे भाग साबणाने घासून विसळायला त्याच्या कितीतरी पट लागलं. मावशींचा अंदाज फार चुकला नव्हता. पुण्या-मुंबईच्या टेस्टिंग लॅबमध्ये नळ सोडला की पाणी येतं, म्हणून हा आकडा तिथे कुणी नोंदवत नाही. इथे जायकवाडीचं धरण फार लांब नसूनही शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कामगार वस्त्यांमध्ये टँकर नि ड्रमवर भागवावं लागतं. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे यंत्राला किती वीज लागते याच्या जोडीला ते धुवायला किती पाणी लागतं हेही खोक्यावर छापायला हवं.

मग आम्ही झाकण पुन्हा डिझाइनला घेतलं. प्लास्टिकचं झाकण पातळ ठेवून मजबूत करायचं तर आतून बारीक फासळ्या देतात. आम्ही त्यांना रिब म्हणतो. चिरलेला कांदा नेमका या रिबांच्या खाचांत बसतो. रिबा काढून नुसती जाडी वाढवली तर मशीनमध्ये भाग थंड व्हायला वेळ लागतो आणि पृष्ठभागावर खळगे पडतात. शेवटी झाकणाला हलकासा घुमट दिला. वक्राकार पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कमी वाकतो, तेच तत्त्व. आतला भाग गुळगुळीत झाला, शिवाय रिबांसाठी डायमध्ये करावं लागणारं स्पार्कचं किचकट कामही वाचलं. कोपऱ्यांना बोटाचं टोक फिरेल एवढी गोलाई दिली. दांड्याभोवती रबरी सील बसवलं, म्हणजे रस वर चढत नाही. स्प्रिंग स्टेनलेसची केली आणि पाणी निथळायला एक भोक ठेवलं. यातली एकही गोष्ट जाहिरातीत सांगण्यासारखी नाही. पण दुसऱ्या नमुन्यांबद्दल बायकांनी तक्रार केली ती फक्त रंगाची.

सगळी कोडी अशी सुटत नाहीत. भाकरीचं आमच्या हातून सुटलं नाही आणि त्या कामातून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या यशस्वी कामातून शिकले नसेन.

पोळीचं यंत्र जगाच्या बाजारात आलेलं आहे आणि त्यामागे मराठी नाव आहे. प्रणोती नगरकर या मेकॅनिकल इंजिनियर. त्यांनी आणि त्यांचे पती रिशी इसरानी यांनी सिंगापूरमध्ये झिंप्लिस्टिक ही कंपनी काढली आणि रोटीमॅटिक बनवायला घेतलं. सुरुवात २००८ ची आणि ग्राहकांच्या घरी यंत्र पोहोचायला लागलं ते २०१६ मध्ये. मधली आठ वर्षं एका पोळीमागे गेली, हे ऐकून कुणाला हसू येईल. डाय आणि मशीनवर काम करणाऱ्याला येणार नाही. पीठ, पाणी, तेल वेगवेगळ्या कप्प्यांत भरायचं. यंत्र स्वतः मोजून गोळा मळतं, तापलेल्या दोन तव्यांमध्ये दाबतं, भाजतं, फुगवतं आणि बाहेर सोडतं. अमेरिकेत त्याची किंमत सुरुवातीला हजार डॉलरच्या घरात होती. परदेशातल्या मराठी घरांत या यंत्राबद्दल बोललं जातं ते कौतुकानेच.

तसंच एक यंत्र भाकरीसाठी करायचं, अशी कल्पना घेऊन एक उद्योजक आमच्याकडे आले. हेतू चांगला होता. मराठवाड्यात ज्वारी पिकते, भाकरी रोज लागते आणि थापता येणाऱ्या मुली कमी होत चालल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या वाक्यावर मी काही बोलले नाही. थापता येणारी मुलं कमी होत चालली आहेत, अशी तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

अडचण पिठातच होती. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. मळल्यावर ते ताणलं जातं, गोळ्याला धरून ठेवतं. म्हणून गव्हाचा गोळा दाबला की पसरतो, फाटत नाही. त्याला फक्त परत आखडू द्यायचं नसतं, त्यासाठी तवे गरम. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिथे चिकटपणा येतो तो पिठातल्या स्टार्चला गरम पाण्यात उकड बसल्यावर, साधारण सत्तर अंशांच्या पुढे. पाणी कोमट राहिलं तर पीठ विरी जातं, जास्त झालं तर हाताला चिकटतं. दळून बरेच दिवस झालेलं पीठ वेगळंच वागतं. मळून ठेवलेला गोळाही थोड्या वेळाने पहिल्यासारखा राहत नाही. म्हणून बाई एकेका भाकरीपुरतं पीठ ओढून घेऊन मळते.

दोन पाट्यांमध्ये गोळा दाबला की मधलं पीठ बाहेर सरकतं आणि कडेचा घेर वाढत जातो. तो ताण झेलायला ग्लुटेन नसल्यामुळे कड चिरते. चिरलेल्या कडेतून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. आम्ही भोवती कडं बसवलं. कड जुळली, पण जाडी सारखी येईना. नॉनस्टिकचा थर दिला. पीठ सुटून यायला लागलं, पण वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि तो नेमका कधी सुकला हे ओळखून उलटायचं, ते काम यंत्राला शिकवता आलं नाही. त्यासाठी सेन्सर, कॅमेरा सगळं लावता येतं. किंमत मग भाकरी खाणाऱ्याच्या हातातून निघून जाते.

आमच्या कॅन्टीनमधल्या मावशींना आम्ही प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. मोबाइलवर त्यांचे हात चित्रित केले आणि हळू वेगाने पाहिले. उजव्या हाताचा थपका पडतो तेव्हा डाव्या हाताची बोटं कडेला टेकलेली असतात आणि कड आत लोटत असतात. प्रत्येक थपक्याबरोबर भाकरी किंचित फिरते. म्हणजे पसरवणं, कड बांधणं आणि फिरवणं ही तिन्ही कामं एकाच तालात चाललेली. मावशींना ते दाखवलं तर त्या म्हणाल्या, “असं करते व्हय मी?” यंत्रातून निघालेली भाकरी त्यांनी तोडून पाहिली, खाल्ली आणि एवढंच म्हणाल्या, “भुकेला चालंल.”

मोठ्या खानावळींसाठी भाकरीची यंत्रं बाजारात आहेत आणि ती चालतात. तिथे शेकडो भाकरी लागतात, धुवायला माणूस असतो, पीठ एकाच गिरणीतून येतं. घरातल्या सहा भाकऱ्यांसाठी तेवढी यातायात परवडत नाही. या प्रश्नाचं वाळूजमधलं उत्तर मला आमच्या शेडबाहेर दिसलं. बजाजनगरात फिरा, गल्लोगल्ली पोळी-भाकरी केंद्राच्या पाट्या आहेत. शिफ्ट सुटल्यावर तिथे बाप्ये रांगेत उभे असतात. चार भाकरी, दोन पोळ्या, वाटीभर ठेचा. सोलापूरची कडक भाकरी तर बायकांच्या हाताने थापली जाऊन पाकिटातून दूरदूर जाते. एकीचं कौशल्य दहा घरांना पुरतं, तिला त्याचे पैसे मिळतात आणि दहा घरांत यंत्र धुवायचं काम उरत नाही. भविष्यातल्या स्वयंपाकघराच्या कुठल्याही चित्रात हे केंद्र मी पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात ते कधीच येऊन ठेपलं आहे.

अशी चित्रं काढायची हौस तशी जुनीच. अमेरिकेत १९५० च्या दशकात व्हर्लपूल कंपनीने ‘मिरॅकल किचन’ नावाचं प्रदर्शनातलं स्वयंपाकघर सजवलं. हात हलवला की कप्पे पुढे येत, भांडी घासायचं यंत्र चालत येई, फरशी साफ करणारं यंत्र आपलं आपण फिरे. ते आपलं आपण फिरत नव्हतं, आरशामागे बसलेला माणूस ते चालवत होता, हे पुढे त्याच्या डिझायनरनेच सांगितलं. १९५९ मध्ये हे स्वयंपाकघर मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात मांडलं गेलं. त्याच प्रदर्शनात दुसऱ्या एका नमुना किचनपाशी निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांची जाहीर खडाजंगी झाली. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, हनीवेलचा स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर एका श्रीमंती दुकानाच्या कॅटलॉगमध्ये आला. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती साठवायच्या, पण त्या भरायच्या बटणांच्या भाषेत आणि उत्तर वाचायचं लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. ते शिकायला दोन आठवड्यांचा वर्गही सोबत मिळणार होता. एकही विकला गेल्याची नोंद नाही.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहा. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. तो तिकडच्या स्वयंपाकासाठी केलेला, आपल्याकडचं ओलं-कोरडं वाटण त्याला झेपणार कसं? माथुरांनी नोकरी सोडून दणकट मोटरचा मिक्सर बनवायला घेतला. १९६३ मध्ये सुमीत मिक्सर बाजारात आला आणि पुढे कितीतरी मराठी घरांत लग्नातल्या आहेरात तो हमखास दिसू लागला. कोइंबतूरला त्याआधीच, १९५५ च्या सुमारास, पी. सभापती यांनी विजेवरचा वेट ग्राइंडर तयार केला होता. पुढच्या काळात आपल्या पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने सराई कुकर आणला. एकावर एक भांडी, खाली उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या कांड्या आणि साधारण शंभर ग्रॅम कोळशात वरण, भात, भाजी शिजून तयार. पाचटाच्या कोळशाच्या कामासाठी या संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

ही तिन्ही यंत्रं चित्रापासून सुरू झाली नाहीत. जळालेली मोटर, भिजलेले तांदूळ, शेतात पेटवून दिलं जाणारं पाचट, अशी एकेक अडचण समोर होती. शहरातल्या इंजिनियरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगते. वाळूजमधल्या मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या ठिकाणी सामाईक सुविधा आहेत, कल्पना हातात धरून बघणं आज पूर्वीइतकं खर्चिक राहिलेलं नाही. पण थ्रीडी प्रिंट काढायच्या आधी ज्या घरासाठी ती वस्तू करताय, त्या घरी जेवणं झाल्यावर जा. खरी माहिती तेव्हा मिळते. काय वाजतं, काय चिकटतं, काय तसंच भिजत पडतं आणि कोण घासतं.

कोण घासतं, हे सरकारी आकड्यांतही आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाची ८८. घरात मिक्सर आला, गॅस आला, फ्रिज आला, तरी पावणेपाच तासांहून जास्त वेळ तिथेच. अमेरिकेत रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं. यंत्रांमुळे कामाचे कष्ट कमी झाले, पण घरातल्या इतरांनी कामातून अंग काढून घेतलं आणि अपेक्षा वाढल्या. पूर्वी पाट्यावर वाटणाऱ्या बाईकडून दोन चटण्यांची अपेक्षा नव्हती. आमच्या लाइनवरची एक जण म्हणाली, “चॉपर आल्यापासून मालक रोज कोशिंबीर मागायला लागले.” इथे मालक म्हणजे नवरा. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण माझ्या वहीत मी ते लिहून ठेवलं आहे.

दुरुस्ती हा या कामातला दुसरा दुखरा भाग. मिक्सरच्या बुडाला बहुधा ३० मिनिटांचं रेटिंग छापलेलं असतं. पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा, असं. ते कुणी वाचत नाही आणि श्रावणात पुरणाच्या दिवशी तर नाहीच. तरी मिक्सर टिकतो, कारण त्यात बिघाडाची जागा आधीच ठरवलेली असते. मोटर आणि भांडं जोडणारा कपलर मऊ मटेरियलचा असतो. भांडं अडकलं की तो तुटतो, मोटर वाचते. कपलर, कार्बन, बुश, गॅस्केट या गोष्टी कुठल्याही बाजारात मिळतात. वाळूजमध्ये दुरुस्तीच्या टपरीवर नव्या यंत्रांपेक्षा जुनीच जास्त दिसतात. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. तिथून निघालेले फ्रिज आणि वॉशिंग मशीन अजून घरोघरी आहेत. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मशीन चालू आहेत ते एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावणाऱ्या मेकॅनिकांच्या जिवावर.

नव्या गॅजेटांना हे भाग्य नाही. त्यांचं झाकण, त्यांची पाती, त्यांचा खटका फक्त त्यांनाच बसतो. उत्पादन बंद झालं की डाय रॅकवर पडून राहते आणि एक दिवस भंगारात वजनावर जाते. धान्य मोजून सोडणाऱ्या एका डब्याची डाय आम्ही बनवली होती. पुढे ग्राहक कंपनीने तो डबा बंद केला. वापरणाऱ्या लोकांचे फोन आमच्यापर्यंत यायला लागले, फक्त खालची झडप मिळेल का म्हणून. झडप म्हणजे काही ग्रॅम प्लास्टिक. आम्ही ती काढून द्यायला तयार होतो, पण डाय ग्राहकाच्या मालकीची, परवानगी मिळाली नाही. चांगले डबे झडपेअभावी माळ्यावर गेले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आहे. घरगुती उपकरणं त्यात आहेत. त्याचा वापर ग्राहकांनी केला आणि सुट्या भागांची मागणी लावून धरली, तरच कंपन्या डाय जपून ठेवतील.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या ऑफरमध्ये किंवा मोबाइलवर एखादं भन्नाट यंत्र दिसलं तर घ्यायच्या आधी पाच गोष्टी बघा. ते पूर्ण उघडून बघा आणि धुवायचे भाग मोजा. प्रत्येक कोपऱ्यात बोट पोहोचतं का ते तपासा. कुठला भाग पाण्यात बुडवायचा नाही ते वाचा. झाकण किंवा पातं वेगळं विकत मिळतं का आणि केवढ्याला, ते दुकानदाराला विचारा. आणि घरी गेल्यावर ते कोण धुणार, हे विकत घ्यायच्या आधीच ठरवा. वाचणाऱ्या वेळातून धुण्याचा वेळ वजा करा. काही उरत असेल तर जरूर घ्या. नसेल, तर विळीला धार लावून आणा.